नववं घर

चैत्र संपत आला की मी कूलरचं गवत बदलतो. जुनं गवत हातात भुगा होऊन येतं, नवं भिजवलं की पहिले दोन दिवस सगळ्या घराला ओल्या लाकडाचा वास येतो. पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत त्या आठवड्यात दारोदार हाच वास असतो. गच्चीवर मंगलचे, म्हणजे माझ्या बायकोचे, बिबडे वाळत असतात. ज्वारीचे पापडच ते, पण त्यांना पापड म्हटलेलं आमच्या खानदेशात कुणाला खपत नाही. काल संध्याकाळी मी ते उचलायला गेलो आणि उचलता उचलता मोजले. एकशे बारा भरले.

"मोजल्याशिवाय वाळत नाहीत का ते?" मंगल म्हणाली.

तिला तीस वर्षांची सवय आहे, तरी ती विचारते.

आखाजी आठ दिवसांवर आलीय. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो आणि दिवाळीच्या जोडीला बसवतो. लेकी माहेरी येतात. निंबाला झोके बांधतात. पितरांच्या नावाने घागर भरून तिच्यावर खरबूज ठेवतात. आमरस, सांजोऱ्या, खापरावरची पुरणपोळी होते, आणि जेवणं आटोपली की उन्हं कलेपर्यंत खेळ चालतात. माझ्या लहानपणी पुरुष निंबाखाली पत्ते कुटत आणि बायका आतल्या खोलीत पट मांडत. आतून येणारा कवड्यांचा आवाज मला अजून नेमका आठवतो. आधी मुठीतली खुळखुळ, मग क्षणभर काहीच नाही, मग फरशीवर पडल्याचा आवाज, आणि त्यावर कुणीतरी ओरडलेला आकडा. पत्त्यांना आवाज नसतो. म्हणून असेल, पण माझा कान नेहमी आतल्या खोलीकडे असायचा.

यंदाच्या आखाजीला मला धुळ्याला जायचं नाही. तरी परवा मी एस.टी.चं वेळापत्रक बघून ठेवलं.

माझी नोकरी जमीन मोजण्याची. लागलो तेव्हा साखळी ओढत मोजणी व्हायची, आता यंत्र आलंय. बारा वर्षांपूर्वी पारोळ्याकडच्या एका गावात मोजणीला गेलो असताना जुन्या विहिरीच्या पायरीवर रेषा कोरलेल्या दिसल्या. मला वाटलं हद्दीची खूण. सोबतचा म्हातारा कोतवाल हसला आणि म्हणाला, साहेब, ही वाघबकरी. तीन वाघ, पंधरा बकऱ्या, मोटेचे बैल विसावा घेत तेवढ्यात एक डाव होत असे. मी त्या रेषा मोजून वहीत काढल्या. सरकारी वहीत काढता येत नव्हत्या म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतःची वही घेतली.

त्या वहीच्या आता चार वह्या झाल्यात. एकूण नोंदी एकशे त्रेचाळीस. देवळाच्या ओट्यावर कोरलेली नवकांकरी, फुटक्या पाटाच्या मागे आखलेला अष्टचंग, सहा लाकडी पट्ट्यांचा एकमेकांत अडकवलेला गुंता, जो सोडवला तर पुन्हा जुळवता येत नाही. चाळीसगावच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे तारेच्या कड्यांचं कोडं होतं. त्या म्हणाल्या, "फोटो काढू देईन, पण आधी सोडवून दाखवा." मला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी मी परत गेलो, तर त्यांनी चहा ठेवला आणि माझ्यासमोर ते एका मिनिटात सोडवलं.

प्रत्येक नोंदीला ठरलेले रकाने आहेत. कुठे सापडलं, कशाचं केलंय, लांबी-रुंदी, घरं किती, कुणी सांगितलं, नियम. शेवटचा रकाना पडताळणीचा. नियम दोन माणसांनी वेगवेगळे, एकमेकांना न विचारता सारखेच सांगितले, तरच मी तिथे बरोबरची खूण करतो. नाहीतर 'खात्री नाही' लिहितो. ही शिस्त मीच मला लावली आणि मला ती आवडते.

नोंद ६१ वर तीन वर्षांपूर्वी मी चुकलो. कूलरच्या वासाने दर वर्षी आधी तीच आठवते.

अक्का माझी आत्या. वडलांची थोरली बहीण. धुळ्याला देवपुरात दोन खोल्या आणि पत्र्याची पडवी एवढ्या घरात ती एकटी राहायची. तिचे यजमान शाळेत मास्तर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा सुधीर पुण्याला. तीन वर्षांपूर्वी अक्का एक्याऐंशीची होती. माझ्या वह्यांबद्दल तिला कळलं तेव्हा तिने निरोप धाडला की माझ्याकडे मायचा पट आहे, ये. माय म्हणजे तिची आई, माझी आजी. मी होळीनंतरच्या पहिल्या रविवारी गेलो.

पांझरेत पाणी नव्हतं. पुलावरून देवपुराकडे चालत जाताना चपलेतून डांबर लागत होतं. अक्काने पत्र्याच्या पेटीतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेला पट काढला. मांजरपाटाचा, चार बाजूंचा, लाल आणि निळ्या तुकड्यांची घरं शिवलेली. त्याला पेटीतल्या निंबाच्या वाळक्या पाल्याचा वास येत होता. मी टेप काढला.

"पट मोजाना नही ऱ्हास रे बापू, खेळाना ऱ्हास," अक्का म्हणाली. तिने कधी अहिराणी सोडली नाही, मास्तरांच्या घरात पन्नास वर्षं राहून सुद्धा.

तरी मी मोजलं. प्रत्येक बाजूला आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे चोवीस. चार बाजूंची शहाण्णव व्हायला हवीत. सत्त्याण्णव भरली. पुन्हा मोजली. एका बाजूच्या मधल्या ओळीत आठऐवजी नऊ घरं होती. नववं घर मधल्या चौकाला चिकटून, जरा दाटीवाटीने बसवलेलं. मी वहीत लिहिलं: 'घरे ९७. एक जास्त. शिवणाऱ्याची चूक.'

मग नियम विचारले. अक्काने उत्तर दिलं नाही. सहा कवड्या माझ्या हातात दिल्या.

"टाक. तोंडे सांगीसन तुले समजाव नही."

असे आम्ही खेळू लागलो. होळी ते आखाजी सात रविवार आले, आणि सातही रविवार मी गेलो. सकाळची एस.टी., एरंडोल, पारोळा, धुळे. पोचलो की कैरीचं पन्हं. मग जेवण. मग पडवीत ओलं गोणपाट टांगायचं, खाली पट अंथरायचा. बाहेर रस्ता इतका रिकामा असायचा की लांबून येणारी सायकलही ऐकू यायची. अक्का एक पाय लांब करून बसायची, गुडघा दुखायचा म्हणून. पण हात कवड्यांवर तरुण होता. मला नेहमी ती नऊ घरांच्या बाजूला बसवायची. पाव्हण्याची जागा, म्हणायची. पाच वाजता मला सोयीची परतीची गाडी होती. डाव संपला की मी वही मिटायचो आणि निघायचो.

खेळता खेळता मी नियम लिहीत होतो. सगळ्या कवड्या पालथ्या पडल्या तर पंचवीस, एक उताणी पडली तर दहा, बाकी जेवढ्या उताण्या तेवढे. दहा किंवा पंचवीस पडले की सोंगटी पटावर निघते. पहिल्या रविवारी असं लिहिलं. दुसऱ्या रविवारी मला दहा पडले, मी सोंगटी उचलली, तर अक्काने माझ्या हातावर चापट मारली.

"दसवर निंघत नही. पच्चीसच लागी."

"अक्का, मागच्या रविवारी दहावर निघत होती."

"मांगला रव्वारनी गोष्ट मांगला रव्वारले."

तिसऱ्या रविवारी असं निघालं की समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आपली आत नेता येत नाही. चौथ्या रविवारी एकाच्या दोन झाल्या. पाचव्या रविवारी सलग तीनदा मोठं दान पडलं तर ते जळतं, असा नवाच नियम आला. मी विचारलं की ती शांतपणे म्हणायची, "आसंच शे. तुले नही माहीत." मी प्रत्येक फरक लिहून ठेवला. सहा रविवारांत अकरा फरक झाले. पडताळणीच्या रकान्यात 'खात्री नाही' लिहिलं आणि खाली कंसात, बारीक अक्षरात, 'सांगणाऱ्याची स्मृती क्षीण' असं लिहिलं. ते तीन शब्द अजून वहीत आहेत. मी वहीत खाडाखोड करत नाही.

सहाव्या रविवारनंतर सुधीरचा फोन आला. आम्ही एकाच वयाचे, अरे-तुरेतले.

"बापू, तू दर आठवड्याला जातोस. आई कशी वाटते? खरं सांग. मला फोनवर काही कळत नाही. गेल्या महिन्यात गॅस चालू राहिला होता म्हणे."

खरं सांग म्हटल्यावर मी खरं सांगितलं. तब्येत चांगली आहे, जेवण चांगलं आहे, पण विसरते. लहानपणापासून खेळलेल्या खेळाचे नियम दर रविवारी वेगळे सांगते. सहा रविवार, अकरा फरक. माझ्याकडे लिहिलेलं आहे.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तूच सांगतोयस म्हणजे प्रश्नच नाही. आखाजीला येतो आणि घेऊनच जातो. घर बंद करू. आईला आत्ता काही बोलू नकोस."

मी फोन ठेवला आणि मला काहीही वाटलं नाही. विचारलं ते सांगितलं होतं, आणि आकड्यांसकट सांगितलं होतं. रात्री चांगली झोपही लागली.

ऑफिसात त्या आठवड्यात एका मोजणीवर तक्रार आली होती. दोन मोजण्या जुळत नव्हत्या. नवीन लागलेल्या पोराला मी समजावून सांगत होतो की फरक आला म्हणजे घाबरायचं नाही, फरक कुठल्या बाजूला पडतो ते बघायचं. कधी जास्त, कधी कमी येत असेल तर मोजणाऱ्याचा हात कच्चा. पण प्रत्येक फरक एकाच बाजूला पडत असेल तर हाताला दोष नाही, साखळीच ताणलेली आहे. हे मी शंभर वेळा तरी सांगितलं असेल. त्या दिवशी सांगताना मध्येच थांबलो.

घरी येऊन वही काढली. पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे खेळ लांबवणारे फरक, उजवीकडे खेळ आखूड करणारे. दहावर सोंगटी निघणार नाही, हा डावीकडे. एकाऐवजी दोन मारायच्या, डावीकडे. मोठी दानं जळतात, डावीकडे. अकराही डावीकडे गेले. उजवी बाजू कोरी राहिली.

विसरणारं माणूस दोन्हीकडे विसरतं. एखाद्या रविवारी चुकून एखादा नियम सोपाही झाला असता.

मग मी वेळा बघितल्या. सुरुवातीची वेळ आणि शेवटची वेळ मी सवयीने लिहितोच, पण त्यांची वजाबाकी कधी केली नव्हती. एका रविवारी गाडी लवकर पोचली आणि आम्ही बाराला बसलो. एका रविवारी पारोळ्याला चाक बसलं म्हणून अडीच वाजले. शेवटची वेळ मात्र साऱ्या रविवारी साडेचार ते पावणेपाच. अडीचला बसलो त्या दिवशी एकही नवा नियम नव्हता.

मंगल स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झालं? असे का बसलात?"

मी तिला वही दाखवली. तिने आकडे वाचले नाहीत. फक्त शेवटच्या वेळांच्या रकान्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "तुम्ही डाव संपला की लगेच उठता ना?"

मी सुधीरला फोन केला. म्हणालो, माझा निष्कर्ष चुकला. आकडे बरोबर होते, वाचले चुकीचे. तो थकल्यासारखा हसला. "बापू, तुला वाईट वाटलं असेल, मी समजू शकतो. पण आता तू तिची बाजू घेतोयस." मी रकाने समजावले, वेळा समजावल्या. विसरते म्हणालो तेव्हा त्याने एका शब्दात विश्वास ठेवला होता. आता अर्धा तास बोलूनही ठेवला नाही.

सातव्या रविवारी मी पट मांडायच्या आधीच वही अक्कापुढे ठेवली आणि म्हणालो, "अक्का, नियम एकच आहे ना? बाकी सगळे तू त्या त्या दिवशी केलेस."

तिने पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं रडते. ती हसत होती.

"सापडनं का? सात रव्वार लागनात तुले! आनि तू म्हने मोजणीवाला!"

"पण कशाला?"

"डाव सरना का तू घड्याय दखस आनि उठस. मंग मी काय करू?"

हे ती कुरकुरीच्या सुरात बोलली नाही. ऊन फार आहे म्हणावं तसं बोलली. मग तिने पट अंथरला आणि मी ज्याला चूक म्हटलं होतं त्या नवव्या घरावर बोट ठेवलं.

"हाई तू काय लिखं? भूल? भूल नही रे. मायनी मुद्दाम शिवेल शे."

मग तिने जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहितो. आमच्या घरात रीत होती की मांडलेला डाव अर्धा टाकून लेकीने उंबरा ओलांडायचा नाही. आखाजी झाली की मास्तर अक्काला घ्यायला यायचे. गावाच्या फाट्यावरून दिवसातून एकच एस.टी. जायची, संध्याकाळी पाचला. जावयाला दोन दिवस राहा म्हणायची आजीची छाती नव्हती. तेव्हा दुपारी ती लेकीबरोबर पट मांडायची. पण डाव कधीकधी चारलाच संपायचा. लग्नानंतरच्या दुसऱ्या आखाजीला अक्का आली तेव्हा पटाला एक घर वाढलेलं होतं. लेक बसायची त्या बाजूला. नियम असा की सोंगटीने त्या घरात थांबायचं आणि दहा, पंचवीस किंवा सहा पडतील तेव्हाच तिथून सुटायचं. हा एक नियम मात्र तिने मला आजवर सांगितला नव्हता.

मी तिथेच वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. सहा कवड्या चौसष्ट प्रकारांनी पडतात. त्यांपैकी सोडवणारे आठ. म्हणजे आठ दानांत एकदा. चार सोंगट्या, बत्तीस दानं. समोरच्याची दानं धरून, बोलणं-हसणं धरून, साधारण अर्धा तास. अक्षर न येणाऱ्या माझ्या आजीने हा हिशेब कसा केला असेल ते मला माहीत नाही, पण तो बरोबर आहे. अर्धा तास उशीर म्हणजे पाचची गाडी गेली. गाडी गेली म्हणजे आणखी एक रात्र लेक माहेरी.

"चुकली का कधी गाडी?" मी विचारलं.

"एक आखाजीले तीनदा," अक्का म्हणाली. मास्तरांचं काय, हे मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं. "त्यास्ले समजेल व्हतं. निंबखाले पडी ऱ्हात. कधी बोलनात नही."

तेव्हा मला तिला सांगावं लागलं की सुधीर येतो आहे, कशासाठी येतो आहे, आणि त्याला ते कुणी सांगितलं. वाक्य जमवायला मला वेळ लागला. ती सगळं ऐकत कवड्या एका हातातून दुसऱ्या हातात ओतत राहिली. माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "गॅस एक सांज ऱ्हाई गया व्हता. ते खरं शे." मग कवड्या मुठीत बंद केल्या. "येऊ दे त्याले. त्याले बी बसाड पटवर."

आखाजीला आम्ही दोघं, मंगल आणि मी, देवपूरला गेलो. सुधीर सकाळीच गाडी करून आला होता. जेवणं झाली. रसाच्या वाट्या तशाच पडलेल्या असताना अक्काने पट अंथरला आणि मुलाला नऊ घरांच्या बाजूला बसवलं. तो घड्याळ बघून म्हणाला, "आई, चारला निघायचंय. तुझी पेटी भरायचीय अजून."

"एक डाव. तू ल्हानपणी खेळेल शे का नही?"

त्या दिवशी अक्काने एकही नियम बदलला नाही. मी वही उघडली नव्हती, पण मला शपथेवर सांगता येईल. ती फक्त खेळली. सुधीर फोन बघायचा, तेवढ्यात ती म्हणायची, "तुना निळा त्या कोपरावर व्हता, एक घर मांगे ले." तो मागे घ्यायचा. त्याचं दान पडलं की त्याने मोजायच्या आधी हिचा आकडा तयार. दोनदा तो म्हणाला, नाही, पाच आहेत. दोन्ही वेळा त्याने खाली बघितलं आणि तिचाच आकडा धरला. साडेतीनला त्याच्या तीन सोंगट्या नवव्या घरात दाटीने उभ्या होत्या आणि त्याला दोन, तीन, दोन, चार पडत होते.

चारला बाहेर हॉर्न वाजला.

"आई, गाडीवाला थांबलाय."

"मंगल, त्याले पन्हं दे. तू बस रे. पट मोडाशिवाय उठता येत नही."

साडेचारलाही तो बसलेला होता. मी बघत होतो, त्याने फोन कधीतरी उलटा करून ठेवला होता. पुढे सरकून, मांडी घालून, कवड्या तोंडाजवळ नेऊन फुंकर मारून टाकत होता, बहुतेक लहानपणी मारायचा तशी. एक उताणी पडली, दहा झाले, सोंगटी सुटली, तेव्हा तो इतक्या मोठ्याने ओरडला की गाडीवाला दारात येऊन बघून गेला. सव्वापाचला अक्का जिंकली.

सुधीर सोंगट्या गोळा करता करता म्हणाला, "म्हणजे इतके दिवस तू आम्हाला बनवत होतीस?"

"तुले नही. बापूले," अक्का म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं, पटाकडे पाहिलं. "गॅसला ती आपोआप बंद होणारी शेगडी बसवू," तो म्हणाला. "बाकी दिवाळीला बघू." पेटी भरायची राहिली ती राहिलीच. तो रात्रभर पडवीत झोपला आणि दुसऱ्या दिवशी एकटा गेला. तेवढंच झालं. दिवाळीलाही त्याने विषय काढला नाही.

पुढे दोन आखाज्या झाल्या आणि दोन्हींना मी देवपूरला होतो. एव्हाना मी पाचची गाडी सोडून द्यायला शिकलो होतो. सहाची गाडीही असते. तिला गर्दी असते, उभं राहावं लागतं, पण असते. इतकी वर्षं मी ती कधी धरलीच नव्हती.

गेल्या माघात अक्काचा गुडघा अगदीच धरला. पडवीच्या दोन पायऱ्या उतरेनात. तिनेच सुधीरला फोन करून बोलावून घेतलं, तिनेच पेटी भरली. मला म्हणाली, "पाय गया. डोकं शे. लिखी ले तुना वहीमा." मी लिहून घेतलं, तारीख घालून. पट ती बरोबर घेऊन गेली. तिथे अकराव्या मजल्यावर तिची खोली आहे आणि दुपारी घरातल्या बाकी तिघांना तीन ठिकाणी जायचं असतं, एवढंच तिने पहिल्या फोनवर सांगितलं. तक्रारीचा सूर नव्हता.

मग मंगलने पट शिवायला घेतला. माझ्या वहीतली मापं तिने पहिल्यांदाच उपयोगाची म्हणून बघितली. तीन बाजू झाल्यावर विचारलं, "नऊ घरं एकाच बाजूला की?"

मी जरा विचार केला आणि म्हणालो, समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना. फोनवर अक्काला सांगितलं तर तिने दोन दिवसांत आपल्या पटावरही समोरच्या बाजूला एक घर शिवून घेतलं. सुई सुधीरने ओवून दिली म्हणे.

आता दर रविवारी दुपारी तीन वाजता फोन लागतो. ती तिथे कवड्या टाकते आणि आकडा सांगते, मी इथे तिची सोंगटी हलवतो. मी टाकतो आणि सांगतो, ती तिथे माझी हलवते. मध्ये एरवीचं बोलणं होतं. लिफ्ट, गुडघा, बिबडे पोचले का, पुण्यात कैरी कशी मिळते. हा डाव शिवरात्रीनंतर मांडला, तो अजून चालू आहे. तिच्या दोन सोंगट्या आत गेल्या. उरलेल्या दोन नवव्या घरात उभ्या आहेत. माझ्या तीन आत गेल्या, शेवटची माझ्या बाजूच्या नवव्या घरात.

तिने सांगितलेली दानं मी लिहून ठेवतो. सवय आहे. तिच्या त्या दोन सोंगट्या तिथे थांबल्यापासून एक्केचाळीस दानं झाली. त्यांत एकदाही दहा नाही, सहा नाही, पंचवीस नाही. असं होण्याची शक्यता मी काढली. सुमारे दोनशे चाळीसांत एकदा. होऊ शकतं. कवड्या तिथे आहेत, मी इथे आहे, पडताळणी शक्य नाही. त्या रकान्यात मी 'खात्री नाही' लिहिलेलं नाही. कोरा ठेवलाय.

संपला तर नवा मांडता येतो, हे मलाही कळतं. मंगलने तसं म्हणूनही दाखवलं.

परवाच्या रविवारी कूलर पहिल्यांदा लावला होता. फरशीवर पट, बाजूला स्पीकरवर ठेवलेला फोन, त्यातून पुण्यातल्या पंख्याचा आवाज. अक्काने टाकलं. "दोन पडनात," ती म्हणाली. मी मान हलवली, जणू तिला दिसणार होती. मग मी कवड्या मुठीत घेतल्या, खुळखुळवल्या आणि टाकल्या.

सहाच्या सहा पालथ्या. पंचवीस.

मी खाली बघत राहिलो. मी आजवर मापात एक रेघ इकडची तिकडे केलेली नाही. शेजारी बिबडे डब्यात भरणारी मंगल हात थांबवून माझ्याकडे बघत होती.

"काय पडनं रे बापू?"

"तीन," मी म्हणालो.

माझी शेवटची सोंगटी मी नवव्या घरातच राहू दिली.

"तीनच?"

"तीनच."

"बरं," अक्का म्हणाली. तिचा आवाज हसल्यासारखा झाला होता. "मंग डाव शे आजून."